१६ फुटी गळाच्या बोटीसाठी नवे आउटबोर्ड मशीन : २५, ३० की ४० घोडे?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. हौसेने गळाची मासेमारी करणाऱ्या आम्हा तिघा मित्रांची १६ फूट लांबीची फायबरची बोट आहे. ती दाभोळ खाडीच्या खालच्या अंगाला, ओळखीच्या एका कुटुंबाच्या आगराशेजारी बांधलेली असते आणि पावसाळ्याआधी जमिनीवर ओढून झापांखाली जाते. तिच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचे (आउटबोर्ड) मशीन आतापर्यंत २५ घोड्यांचे, म्हणजे २५ अश्वशक्तीचे, टू-स्ट्रोक होते. ते बोटीबरोबर जुनेच घेतले होते, त्यामुळे त्याचे नेमके वय मला सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते माझ्या चिपळुणातल्या घराच्या तळमजल्यावर स्टँडला टांगलेले होते आणि दीड दिवस गढूळ पाण्याखाली राहिले. आधी घरातला चिखल काढायचा की मशीन उघडायचे, या प्रश्नाला घरात एकच उत्तर होते, त्यामुळे मशीन उघडायला आठ दिवस गेले. मिस्त्रींनी ते चालू करून दिले आणि त्यानंतर तीन हंगाम ते चाललेही, पण पहिल्यासारखे कधीच नाही.

गेल्या मार्चमध्ये ओहोटी लागलेली असताना ते दाभोळच्या मुखाशी बंद पडले. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, नांगर वाळूत धरेना आणि आम्ही बाहेर वाहत चाललो. परतणाऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला आत आणले म्हणून बरे. नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले तेव्हा वरच्या सिलिंडरमध्ये ११८ पीएसआय आणि खालच्यात ८२ असा आकडा आला. दुरुस्तीवर आणखी खर्च न करता नवेच मशीन घ्यावे, यावर आमचे एकमत झाले आहे.

आमचा वापर वर्षाला पन्नास ते साठ तासांचा आहे. त्यातला दोन तृतीयांश वेळ आम्ही खाडीतच, जिताडा आणि तांबोशीसाठी गळ ओढत अगदी हळू फिरतो. उरलेला वेळ मुखाबाहेर पाच-सात मैलांवरच्या खडकाळ जागांपर्यंत जाण्यायेण्यात जातो. जुन्या मशीनवर दोघे असलो की बोट पाण्यावर नीट उठत असे. तिसरा आला आणि बर्फाची पेटी भरली की ती नाक वर करून पाणी ढकलत राहायची. म्हणून या वेळी ४० घोड्यांचेच घ्यावे असे माझ्या मनात आहे. चार लाखांच्या आसपास खर्चाची तयारी आहे. टू-स्ट्रोक घ्यावे की फोर-स्ट्रोक, आणि कोणत्या कंपनीचे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाना_पक्कड

नमस्कार. मी रत्नागिरीत ही मशीनेच दुरुस्त करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण घोड्यांपासून सुरुवात केली आहे आणि बहुतेक जण तेच करतात. मला मात्र तो प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावासा वाटतो. मशीन ज्या फळीला टांगायचे ती फळी किती उंच, किती जाड आणि किती शाबूत आहे हे कळल्याशिवाय मशीन ठरवणे म्हणजे आधी कळस मग पाया.

उंची मोजताना मागच्या फळीच्या मध्यावर, जिथे मशीनचा शिकंजा बसतो तिथे, फळीच्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत सरळ टेप धरावा. बाजूला मोजल्यास आकडा चुकतो, कारण तळ मध्यभागी खोल असतो. मशीनच्या शाफ्टची, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या खोडाची, लांबी या उंचीवरून ठरते. ही उंची १५ इंचांच्या आसपास आली तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास आली तर लॉन्ग आणि २५ च्या आसपास आली तर एक्स्ट्रा लॉन्ग. मशीन बसवल्यावर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाशी साधारण एका रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. ती बरीच वर राहिली तर वळताना किंवा लाटेवर पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळते आणि बोट जागच्या जागी राहते. ती फार खाली गेली तर खोड पाणी फाडत चालते, फवारा आत येतो आणि पेट्रोल वाया जाते.

शाबूतपणा तपासण्यासाठी लहान हातोडीच्या दांड्याने फळीवर बोटभर अंतराने ठोकत जावे. टणक आवाज सलग येत असताना मध्येच कुठे बद्द आवाज आला तर आतले प्लायवूड भिजलेले आहे असे समजावे. खात्री करायची असेल तर आतल्या बाजूने तळाजवळ बारीक भोक पाडून बाहेर येणारा भुसा बोटांत चोळावा. कोरडा आणि फिकट आला तर फळी चांगली. काळपट आणि ओला आला तर नवे मशीन घेण्याआधी फळी नवी करावी लागेल.

आता वजन. आपले जुने २५ घोड्यांचे टू-स्ट्रोक पन्नास किलोंच्या आसपास असणार. आजची २५ ते ३० घोड्यांची फोर-स्ट्रोक मशीने साधारण ६० ते ७० किलो भरतात. ४० घोड्यांचे फोर-स्ट्रोक मात्र एकदम शंभराच्या घरात जाते. म्हणजे एक आडदांड शाळकरी मुलगा कायमचा मागच्या फळीवर बसवून फिरल्यासारखे होईल. बोट धक्क्याला उभी असतानाही मागून बसलेली दिसेल, आणि पाणी बाहेर जाण्याची भोके पाण्याखाली गेली तर त्यांतूनच पाणी आत येईल.

शक्तीची कमाल मर्यादा काढण्यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमांतले एक सूत्र आहे. ते आपल्याकडे कायदा म्हणून लागू नाही, पण स्थानिक कारखान्यात बनलेल्या आपल्या बोटींवर क्षमतेची पट्टी नसतेच, तेव्हा अंदाजाला ते उपयोगी पडते. बोटीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा. दूरचे स्टिअरिंग नसलेल्या, म्हणजे मशीनचा दांडा हातात धरून चालवायच्या बोटीसाठी त्या गुणाकाराला ०.८ ने गुणून २५ वजा करावेत. सपाट तळाच्या कोनदार बोटीसाठी ०.५ ने गुणून १५ वजा करावेत. मागची रुंदी ५ फूट असेल तर आपला गुणाकार ८० येतो. तळ पुढून धारदार असेल तर मर्यादा ३९, आणि सपाट असेल तर फक्त २५. ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे, हे कृपया लक्षात घ्यावे.

आपण फळीची मापे, तळाचा आकार आणि बोटीचे रिकामे वजन कळवले तर पुढचे बोलता येईल. आणि ११८ ला ८२ हा फरक फार झाला. दोन सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा लागतो, त्यामुळे मशीन बदलण्याचा आपला निर्णय योग्य आहे.

देवबाग_संगम

वरचा सल्ला उत्तम आहे, पण टू-स्ट्रोकची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो. आमच्या कर्लीच्या मुखावर वाळूची दांडी दर वर्षी जागा बदलते. तिथून लाटांतून बाहेर पडताना मशीनने हाक मारताच ओ द्यावी लागते आणि टू-स्ट्रोक ती देते. ते हलके असते. दोघे जण ते खांद्यावर घेऊन किनाऱ्यावरून चालत जातात. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, तेलाची टाकी नाही, संगणक नाही. गावातला कोणताही मिस्त्री ते पान्यांच्या एका पेटीवर उघडतो आणि सुटे भाग मालवणात मिळतात. युरोप-अमेरिकेत प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक आता नवी विकली जात नाहीत, पण आपल्याकडे पोटासाठी समुद्रात जाणारी बरीच माणसे अजून तीच वापरतात, ती काही उगाच नव्हे.

कंपनीबद्दल एवढेच म्हणेन की नावापेक्षा सुटे भाग देणारा माणूस किती जवळ आहे ते पाहावे. एव्हिनरूडसारखे जुने आणि नावाजलेले नावसुद्धा २०२० मध्ये बंद झाले. त्या मशीनांचे मालक आज भागांसाठी कुठे कुठे चौकशी करत असतात ते मी पाहिले आहे.

रेवदंडा_वीकेंड

देवबागकरांचा मान राखून एक मुद्दा मांडतो, तो म्हणजे आजच्या पेट्रोलचा. आपल्या पंपांवर आता सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली आढळते. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढते. कोकणातल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर तशीच राहिली आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. नळीचे तोंडही नेमके तळाशीच असते. फोर-स्ट्रोक त्या थरावर गचके देऊन बंद पडते. टू-स्ट्रोकमध्ये मात्र वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि ते वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. तळाचा थर सिलिंडरमध्ये गेला की पिस्टन वंगणाशिवाय चालतो आणि चिकटू शकतो. रोज टाकी रिकामी करणाऱ्या मच्छीमाराला हा त्रास जाणवत नाही, कारण त्याचे पेट्रोल शिळे होतच नाही. पंधरा दिवसांतून एकदा बोट काढणाऱ्या आपल्यासारख्यांची गोष्ट वेगळी आहे.

म्हणून मशीन कोणतेही घ्या, टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. फेरी झाली की उरलेले पेट्रोल गाडीत ओता (टू-स्ट्रोकचे तेल मिसळलेले असेल तर तीही सोय राहत नाही), आणि वॉरंटीच्या संदर्भात २० टक्के इथेनॉल चालते की नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

विक्रेत्यावरून आठवले. माझे पहिले मशीन मी शहरातल्या एका दुकानातून फोनवर ठरवले. शाफ्टची लांबी मी विचारली नाही आणि त्यांनीही सांगितली नाही. घरी आलेले मशीन शॉर्ट शाफ्टचे होते आणि माझी फळी २० इंचांची. खोके उघडले आहे या सबबीवर त्यांनी ते परत घेतले नाही. शेवटी ते एका ओळखीच्या होडीवाल्याला तोटा सोसून दिले. पावतीवर मॉडेलच्या पूर्ण क्रमांकासह शाफ्टची लांबी लिहून घ्यावी, हे त्या तोट्यातून आलेले शहाणपण आहे.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. रविवारी टेप आणि हातोडी घेऊन गेलो होतो. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

मागच्या फळीची वरची कड तळापासून २० इंचांवर आहे, त्यामुळे लॉन्ग शाफ्ट लागणार हे सोपे वाटले. मग शिकंजाखालची रबराची पट्टी काढली तेव्हा कळले की वरचे अडीच इंच म्हणजे मुळात फायबरची फळीच नाही. आधीच्या मालकाने सागाचा ठोकळा दोन बोल्टांनी वर बसवून त्यावरून रंग मारला आहे. खरी फळी साडेसतरा इंचांचीच आहे. ठोकळ्याच्या खालच्या बाजूला, जिथे तो फायबरवर टेकतो तिथे, स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला. बोल्टच्या भोकांतून पाणी वर्षानुवर्षे झिरपत असणार. हातोडीचा आवाज उजव्या बोल्टच्या खाली साधारण वीतभर बद्द येतो. तिथे पाडलेल्या भोकातून चहाच्या चोथ्यासारखा ओला भुसा निघाला. डाव्या बाजूचा भुसा कोरडा आहे.

तळ पुढून चांगला धारदार आहे आणि मागे जवळजवळ सपाट होत जातो. बोट चार जणांनी उचलून दोन वजनकाट्यांवर टेकवली. रिकामे वजन २८० किलोंच्या आसपास भरले. आम्हा तिघांचे मिळून २२५ किलो होतात, आणि पेट्रोल, बर्फ, नांगर, गळाच्या काठ्या व पाणी यांचे साधारण ८० धरतो. हे सगळे पाहिल्यावर शंभर किलोंचे मशीन त्या फळीवर टांगण्याची कल्पना मी सोडून दिली आहे. आता २५ की ३० एवढाच प्रश्न उरला आहे, आणि टू-स्ट्रोकचा मोह अजून पूर्ण सुटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पाना_पक्कड

आपण भोक पाडून पाहिले हे फार चांगले केले. अशा फळीवर नवे मशीन टांगून दिल्यावर भर समुद्रात ते फळीसकट हलायला लागल्याचे उदाहरण मी दुरुस्तीसाठी हाताळले आहे.

फळीचे काम असे करून घ्यावे. आतल्या बाजूचा फायबरचा थर कापून ओले प्लायवूड पूर्ण काढावे. फक्त उजवीकडचे वीतभर नव्हे, पूर्ण रुंदीचे. नवे मरीन प्लायवूड दोन थरांत इपॉक्सीने चिकटवून थेट २० इंचांपर्यंत एकसंध न्यावे आणि वरची कडही फायबरने बंद करावी. सुटा ठोकळा पुन्हा बसवू नये. साडेसतरा इंच ही उंची कोणत्याच शाफ्टला धड नाही, म्हणूनच आधीच्या मालकाला ती युक्ती करावी लागली. मशीनचे बोल्ट ज्या भोकांतून जातील ती आधी मोठी पाडावीत, इपॉक्सीने भरावीत आणि मग भरलेल्या जागेतूनच मापाचे भोक पाडावे. म्हणजे पाणी पुन्हा लाकडापर्यंत पोहोचत नाही. बोल्ट स्टेनलेसचे आणि सील मरीन सीलंटचे असावे. हे काम पावसाळ्यात उरकू नका. लाकूड आणि फायबर पूर्ण सुकलेले असताना, म्हणजे ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर करा.

आता घोडे. आपली बोट, माणसे आणि सामान यांचे ५८५ किलो आणि मशीनचे ६५ मिळून एकूण ६५० किलो होतात. अशी बोट पाण्यावर उठून चालायची असेल तर एका घोड्यामागे २० ते २५ किलो असावेत, असा आम्हा मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब आहे. २५ घोड्यांवर हा आकडा २६ येतो. तिघे असताना बोट नाक वर करून का अडकत होती याचे उत्तर यातच आहे. शिवाय थकलेल्या जुन्या मशीनकडून २५ घोडे मिळत तरी होते का, हा प्रश्न वेगळाच. ३० घोड्यांवर तो २२ च्या खाली येतो. आणि महत्त्वाचे म्हणजे या दोन मापांत बऱ्याच कंपन्यांच्या इंजिनाचा मूळ ठोकळा एकच असतो. उदाहरणार्थ सुझुकीच्या २५ आणि ३० दोन्हींत तेच ४९० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, टोहात्सूच्या दोन्हींत ५२६ सीसीचे आहे. वजनात जवळजवळ फरक न पडता पाच घोडे जास्त मिळतात. माझे मत ३० घोड्यांचे, लॉन्ग शाफ्ट, हातात दांडा असलेले फोर-स्ट्रोक असे आहे.

टू-स्ट्रोकबद्दल देवबागकरांचे म्हणणे त्यांच्या जागी खरे आहे. पण आपण दोन तृतीयांश वेळ गळ ओढत हळू फिरता. टू-स्ट्रोक त्या वेगावर धूर सोडते, प्लग तेलकट होतात आणि तासाभराने वेग वाढवायला जावे तर ते खोकत राहते. फोर-स्ट्रोक त्याच वेगावर इतके शांत चालते की ते चालू आहे का हे पाहण्यासाठी मागे पाण्याची पिचकारी पडते आहे का ते बघावे लागते. इंधन-इंजेक्शन म्हटले की बॅटरी संपली तर काय, अशी भीती अनेकांना असते. या मापांतल्या बऱ्याच मशीनांत दोरी ओढल्यावर चाकातूनच पुरेशी वीज तयार होते आणि बॅटरीशिवायही मशीन चालू होते. घेताना विक्रेत्यासमोर बॅटरीची वायर काढून दोरीने चालू करून दाखवायला सांगावे.

एक तेवढे जपावे. फोर-स्ट्रोक आडवे ठेवायची किंवा गाडीतून न्यायची बाजू ठरलेली असते आणि ती मशीनवर किंवा पुस्तिकेत दाखवलेली असते. चुकीच्या कुशीवर ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते. आपल्याकडे पावसाळ्यात मशीन घरी न्यायचे असते म्हणून मुद्दाम लिहिले. या वेळी पहिल्या मजल्यावर ठेवाल असे गृहीत धरतो.

देवबाग_संगम

पहिल्या मजल्यावर पासष्ट किलो चढवताना माझी आठवण काढा. बाकी हळू चालवण्याचा मुद्दा मला मान्य आहे. आम्ही गळ ओढत फिरत नाही, जागेवर जाऊन नांगर टाकतो, म्हणून तो लक्षात आला नव्हता. माझी एकच विनंती आहे की जुने मशीन भंगारात देऊ नका. त्याचा खालचा गिअर आणि पंखा शाबूत असेल तर त्याला इथे गिऱ्हाईक आहे.

शापोरा_नदी

मी गोव्यातून लिहितो. माझ्या १५ फुटी बोटीवर गेली चार वर्षे ३० घोड्यांचे फोर-स्ट्रोक आहे. निवड बरोबर झाली आहे असे मला वाटते, फक्त पंख्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले आहे. मशीनबरोबर खोक्यात जो पंखा येतो तो सरासरी बोटीसाठी असतो, आपल्या बोटीसाठी नव्हे.

तपासणी अशी करावी. नव्या मशीनचे पहिले दहा तास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मवाळपणे जाऊ द्यावेत. मग नेहमीची माणसे आणि नेहमीचे सामान घेऊन, सपाट पाण्यात पूर्ण गॅस देऊन इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे मोजावेत. हातात दांडा असलेल्या मशीनवर बहुधा फेऱ्यांचा काटा नसतो, पण प्लगच्या वायरीला तार गुंडाळून लावायचा छोटा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. आकडा पुस्तिकेतल्या पूर्ण गॅसच्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात यावा. खाली राहिला तर पंखा जड आहे, मशीन चढावावर वरच्या गिअरमध्ये अडकलेल्या एसटीसारखे दमते आणि त्याचे आयुष्य घटते. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जितके इंच पुढे सरकतो ते माप, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. माझ्या बोटीला दोन इंच कमी पिचचा पंखा लागला. त्यानंतर ती जी उठायला लागली त्यावरून मला वाटले की आधीचे दीड वर्ष मी उगाच मशीनला दोष दिला.

पंखा अॅल्युमिनियमचाच ठेवावा. खाडीत बुडलेले लाकूड किंवा खडक लागला तर अॅल्युमिनियमचे पाते वाकते. स्टेनलेसचे वाकत नाही आणि धक्का थेट गिअरपर्यंत पोहोचतो. जुना पंखा सुटा म्हणून बोटीत ठेवावा, सोबत त्याचा नट उघडण्याचा पाना आणि दोन कॉटर पिना.

खाऱ्या पाण्याबद्दल आपणास सांगायला नकोच, तरीही : प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुणे, खोडावरच्या जस्ताच्या वड्या अर्ध्या झिजल्या की बदलणे आणि त्यांवर कधीही रंग न मारणे. आपल्या खाडीत गाळ फार असेल तर पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर दर वर्षी बदलावा. गाळ त्याला पॉलिश पेपरसारखा घासतो. गिअरचे तेल काढल्यावर दुधाळ दिसले तर सील गेले आहे. पहिले इंजिन-तेल वीस तासांनी किंवा पुस्तिकेत सांगितले असेल त्याआधी बदलावे, आणि ते आउटबोर्डसाठीचे एफसी-डब्ल्यू दर्जाचे असावे, मोटारसायकलचे नव्हे. बोटीच्या नोंदणीच्या आणि विम्याच्या कागदांवर इंजिनचा क्रमांक असेल तर तोही बदलून घ्यावा. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तोच जुळवून पाहते.

वाशिष्ठीकाठ

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. फळीचे काम ऑक्टोबरच्या शेवटी दापोलीकडच्या एका फायबरच्या कारागिरांनी केले. आतले प्लायवूड काढले तेव्हा उजवा अर्धा भाग हाताने सुटून आला, डाव्या बाजूला मात्र छिन्नी लावावी लागली. आता वरची कड एकसंध २० इंचांवर आहे.

मशीन ३० घोड्यांचे फोर-स्ट्रोक, लॉन्ग शाफ्ट, दांड्याचेच घेतले. दोन कंपन्यांची मशीने सारखीच चांगली वाटत होती. शेवटी रत्नागिरीत ज्याचे सुटे भाग पाहायला मिळाले ते निवडले. दुकानदारांनी इंपेलर, फिल्टर आणि पंख्याची पिन काउंटरवर काढून ठेवली तेव्हा आमचा निर्णय झाला. बॅटरीची वायर काढून दुसऱ्या ओढीत मशीन चालू झाले. पावतीवर शाफ्टची लांबी लिहून घेतली आहे. इथेनॉलबद्दल लेखी मागितल्यावर मात्र त्यांनी पुस्तिकेचे पान उघडून दाखवले, त्यात १० टक्केच आहे, आणि पुढे ते काही बोलले नाहीत. त्यामुळे फिल्टर लावला आहे आणि दर फेरीनंतर टाकी माझ्या गाडीत रिकामी होते.

आडवी पट्टी तळापेक्षा अर्धा इंच खाली आली आहे. दहा तास झाल्यावर, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी शांत असताना, शापोराकरांनी सांगितल्याप्रमाणे तिघांनी बसून फेरे मोजले. एकटा असताना ५७०० येतात, तिघे असताना ५१००. पुस्तिकेतली मर्यादा ५३०० ते ६३०० आहे. बोट तिघांना घेऊन उठते, पण उठायला आमच्या मते फार वेळ घेते आणि पुढे बसलेल्याला नाकावर सरकून बसावे लागते. सध्याचा पंखा १२ पिचचा आहे. दोन इंच कमी केल्यास हिशेबाने ५४०० ते ५५०० पर्यंत जावे, पण मग एकटा असताना ते ६१०० च्या जवळ जातील. ते मर्यादेत बसते, तरी सतत तसे चालवणे योग्य आहे का?

शापोरा_नदी

योग्य आहे. एकटे असताना गॅस थोडा कमी ठेवा, एवढेच. १० पिचचाच घ्या. ११ घेतलात तर तिघे असताना मर्यादेच्या काठावर अडकाल आणि बर्फाची पेटी भरली की पुन्हा खाली याल. आणि पुढच्या माणसाला नाकावर सरकवण्याआधी मशीनचा कोन पाहा. मशीन फळीपासून बाहेर झुकलेले असेल तर नाक वर जाते. खालच्या कंसातली सळई एक भोक आत घेऊन बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

वाशिष्ठीकाठ

सळई बाहेरून दुसऱ्या भोकात होती. आज ती एक भोक आत घेतली. तिघे जण आपापल्या जागी बसूनच बोट उठली, आणि फेरे ५२०० वर आले. १० पिचचा पंखा मागवला आहे. १२ चा सुटा म्हणून बोटीतच राहील.